एकच मॉडेल, एकच काळ, भावात अडीच पट फरक: गिरगावातल्या दोन ओमेगांचं प्रकरण

जुन्या घड्याळांचा नाद आहे हे एकदा नातेवाईकांना कळलं की फोटो यायला लागतात. ट्यूबलाईटखाली काढलेला, काचेवर चकाकी, अर्धी डायल दिसतच नाही, आणि खाली एकच ओळ, "याचे किती येतील रे?" यावर खरं उत्तर असं आहे की फोटोवरून काही सांगता येत नाही, आणि हातात घेऊनसुद्धा अर्धंच सांगता येतं, कारण उरलेलं अर्धं घड्याळात नसतंच, ते समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतं. हे मी लोकांना तोंडी सांगून थकलोय. पण माझ्या मावशीच्या घरी एक प्रकरण असं झालं की त्यात घरच्यांनी नकळत चाळीसेक वर्षांचा प्रयोगच करून ठेवला होता, म्हणून ते सगळं नीट लिहून काढतोय.

मावशीचे यजमान, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, परळच्या एका मिलच्या ऑफिसात होते. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे आमचे मोठे काका, बोटीवर. बिनलग्नाचे, वर्षातले दहा महिने समुद्रात, आले की गिरगावच्या चाळीत आप्पांकडेच मुक्काम. त्यांनी साठच्या दशकात कधीतरी एडन बंदरातून दोन घड्याळं आणली. एडन तेव्हा ब्रिटिशांकडे होतं आणि फ्री पोर्ट, म्हणजे ड्युटी नाही, त्यामुळे बोटीवरचे लोक तिथून घड्याळं, ट्रान्झिस्टर, नायलॉनच्या साड्या असलं काय काय घेऊन यायचे. इकडे परदेशी घड्याळाच्या आयातीवर बंधनं, एचएमटीने सिटिझनच्या मदतीने बंगळूरला १९६१ साली घड्याळं बनवायला नुकती सुरुवात केलेली आणि त्यालाही रांग, त्यामुळे स्विस घड्याळ मनगटावर असणं ही मोठीच गोष्ट. दोन घड्याळं कस्टममधून कशी बाहेर आली ते मोठ्या काकांनी कोणाला सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही.

दोन्ही ओमेगा सीमास्टर. स्टीलची केस, म्हणजे बाहेरचं कवच, चंदेरी डायल, बारीक उभ्या पट्ट्यांसारखे तासाचे मार्कर, तारीख नाही, हाताने चावी द्यायची. आत ६०१ नंबरची मशीन, १७ ज्वेलची. मशीनवरच्या सीरियल नंबरवरून साल साधारण काढता येतं, आणि या दोन्हीचे आठ आकडी नंबर २१ ने सुरू होतात, म्हणजे १९६४ च्या आसपासची. थोडक्यात एका दुकानातून, एका दिवशी, एका माणसाने घेतलेली दोन सारखी घड्याळं. तिथून पुढे मात्र दोघांचं नशीब वेगळं झालं.

आप्पांनी स्वतःचं रोज वापरलं. ट्रेनमध्ये, मिलमध्ये, पावसात, सगळीकडे. दर दोन-तीन वर्षांनी सर्विसिंग. नंतर त्यांच्या पंचाहत्तरीला माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, ते घड्याळ एका दुकानात दिलं आणि "एकदम नवीन करून द्या" असं सांगितलं. आणि दुकानदाराने खरंच नवीन करून दिलं, त्यात त्याची काही चूक नाही, गिऱ्हाइकाने मागितलं ते त्याने दिलं. आप्पा जाम खूष. शेवटपर्यंत तेच घातलं.

मोठ्या काकांचं घड्याळ ते गेल्यावर गोदरेजच्या कपाटात गेलं, आतल्या लॉकरमध्ये, बिस्किटांच्या चपट्या डब्यात, बाकीच्या किडूकमिडूक वस्तूंबरोबर. कोणी चावी दिली नाही, कोणी दुरुस्त केलं नाही. पट्टा कुजून तुकडे पडले. काच इतकी ओरखडलेली की आतलं धुक्यातून बघितल्यासारखं. डायलचा रंग चंदेरीचा साईसारखा पिवळसर झालेला आणि चारच्या मार्करपाशी एक तपकिरी डाग.

चाळ पुनर्विकासात गेली, भाड्याच्या जागेत जायचं म्हणून कपाटं रिकामी झाली, तेव्हा डबा बाहेर आला. आप्पा जाऊन दोन वर्षं झालेली. वाटणीचं काही भांडण नव्हतं हे आधीच सांगतो. मावशी दादाला आणि त्याच्या बहिणीला, म्हणजे ताईला, म्हणाली दोघं एकेक घ्या. दादा म्हणाला, चकचकीत असलेलं मी घेतो कारण त्यावर खर्च मी केलाय, आणि ताईला ते दुसरं, आणि तिचं मळकं आहे म्हणून फरकाचे मी तिला पाच हजार देतो. मनाने चांगलाच आहे दादा. त्याने इंटरनेटवर सीमास्टरची जाहिरात बघितली होती, लाखाच्या वरची, आणि आपलं तर त्याच्याहून नवीन दिसतंय मग आपलं दीड लाखाचं असणार असा हिशोब. ताईने मला फोन केला तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. "अरे, दादाने ज्या दुकानातून केलं तिथूनच माझंही तसंच करून घेऊ का?"

मी म्हटलं, ताई, हात लावू नकोस. उद्या येतो.

मागची झाकणं उघडली

दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून डोळ्याला भिंग लावलं की पाच मिनिटांत सगळी कुंडली बाहेर येते. आधी काच. ओमेगाच्या त्या काळच्या प्लास्टिक काचेवर अगदी मधोमध, काटे फिरतात त्या खिळ्याच्या बरोबर वर, ओमेगाची खूण बारीक कोरलेली असते. नुसत्या डोळ्याला दिसत नाही, भिंगातून आणि तिरक्या उजेडातच दिसते. मोठ्या काकांच्या त्या ओरखडलेल्या काचेत ती खूण होती. आप्पांच्या घड्याळाच्या स्वच्छ काचेत नव्हती, म्हणजे काच बाजारातली साधी. चावीचं, म्हणजे बाजूच्या फिरवायच्या बटणाचं, तसंच. एकीवर ओमेगाची खूण झिजलेली पण आहे, दुसरीवर गुळगुळीत, कुठल्याही घड्याळाला चालेल अशी.

मग केस. नवीन असताना पट्टा अडकतो त्या चार टोकांना धार असते, वरचा भाग एका दिशेने घासलेला आणि बाजू आरशासारखी, आणि दोन्ही मिळतात तिथे सरळ रेघ. बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर घड्याळ धरलं की सगळं सारखंच चमकतं, रेघ जाते, टोकं गोल होतात. आप्पांच्या घड्याळाची टोकं हाताने धुवून धुवून छोट्या झालेल्या साबणाच्या वडीसारखी झाली होती. पाठीवर सीमास्टरचा समुद्रघोडा असतो, उठावातला. मोठ्या काकांच्या घड्याळावर त्याच्या मानेवरचे खवलेसुद्धा मोजता येत होते. आप्पांच्यावर घोडा आहे हे माहीत असेल तरच दिसत होता. हे निघून गेलेलं स्टील परत येत नाही. फार महागड्या घड्याळांवर लेझरने धातू भरून परत आकार देणारे कारागीर आहेत, पण या किमतीच्या घड्याळाला तो खर्च कोण करणार.

आणि आता मुख्य गोष्ट, डायल. आप्पांची डायल रीडायल होती. म्हणजे काय करतात तर काटे काढायचे, चिकटवलेले मार्कर काढायचे, जुना रंग आणि लॅकर केमिकलने उतरवून खाली पितळेचा पत्रा उघडा करायचा, त्यावर नवीन रंग, त्यावर परत छपाई, आणि मार्कर परत बसवायचे. हात चांगला असेल तर लांबून कळत नाही. भिंगातून मात्र लगेच. 'सीमास्टर' लिहिलेल्या अक्षरांत तो पहिला लांब वळसा घेणारा एस असतो ना, तो कारखान्यातल्या छपाईत शेवटाला केसासारखा बारीक होत जातो, इथे सगळीकडे सारखाच जाड. मिनिटांच्या रेघा पाचच्या पुढे मार्करच्या किंचित डावीकडे सरकलेल्या. सहाच्या खाली काठाला 'स्विस मेड' असतं ते गायबच. आणि सगळ्यात गंमत म्हणजे प्रत्येक मार्करच्या टोकाला हिरवट रेडियमचा ठिपका दिलेला, अंधारात चमकायला, पण काट्यांवर असला काहीच रंग नाही. ज्या घड्याळाचे काटे अंधारात दिसत नाहीत त्याचे मार्कर दिसून करायचंय काय? कंपनी असं कधी करत नाही, एक तर दोन्ही नाहीतर काहीच नाही. शेजारच्या जुळ्या भावावर ठिपके नव्हतेच.

झाकणाच्या आतल्या बाजूला आणखी एक मजा असते. जुने कारागीर सर्विसिंग केल्यावर झाकणाच्या आत सुईने बारीक तारीख किंवा स्वतःची खूण ओरखडून ठेवतात, परत कधी आलं तर कळावं म्हणून. आप्पांच्या झाकणात अशा खुणा एकावर एक इतक्या की जागा उरली नव्हती. मोठ्या काकांच्यात फक्त दोन. मशीन दोन्हीकडे तांबूस, छान. आप्पांच्याकडे स्क्रूची डोकी थोडी खाल्लेली, पण चालू आणि वेळ चांगली. काकांचं तेल सुकून बंद पडलेलं, चावीच्या दांड्यावर गंजाची सुरुवात, बाकी शाबूत. मुंबईच्या हवेत इतकी वर्षं ठेवून एवढ्यावर भागलं हे नशीबच म्हणायचं. आपल्याकडे घड्याळ मरतं ते बहुतेक चावीच्या बाजूने, आतलं रबर वाळून कडक होतं आणि पावसाळ्यातली दमट हवा तिथूनच आत शिरते, म्हणून डागही बहुतेक वेळा तीन-चारच्या आसपास असतो. काकांच्या डायलवर तो चारलाच होता.

बाजारात काय झालं

विकायचं कोणालाच नव्हतं, पण वाटणी करायची तर आकडा पाहिजे, म्हणून दोन्ही घड्याळं घेऊन फिरलो. दादा सोबत. मुद्दामच घेतला, नाहीतर माझ्यावर विश्वास बसला नसता.

पहिलं चोर बाजार, मटण स्ट्रीट. तिथल्या एका जुन्या दुकानदाराने दोन्ही हातात घेतली, चकचकीत असलेलं दोन सेकंदात खाली ठेवलं. "साहब, ये तो पेंट है." नऊ हजार. दुसरं मात्र त्याने बराच वेळ हातात फिरवलं, आणि मग चेहरा पाडून म्हणाला, बंद है, दाग है, शीशा गया, पट्टा नहीं, चलो बारा हजार. दादा मला कोपराने ढोसून हळूच म्हणतो, बंद पडलेल्याचे जास्त कसे देतोय हा? मी म्हटलं, तो जास्त देत नाहीये, तो चाचपडतोय की आपल्याला माहीत आहे का नाही.

मग फोर्टला एक जण आहेत, जुनी घड्याळं घेतात-विकतात, दुरुस्तीही स्वतः करतात. त्यांनी बिनधास्त सांगितलं, रीडायलचे चौदा हजार, ओरिजिनलचे तीस, आणि तीसमधून माझा सर्विसिंगचा खर्च आणि नफा निघायचाय हे धरून. आणि शेवटी एक संग्राहक, ओळखीतले, यांना विकायचं नसतं तर ठेवायचं असतं. त्यांनी काकांचं घड्याळ बघून बेचाळीस हजार म्हटलं, आहे तसं, बंद, मळकं. वर बजावलं, "साफ करून आणू नका हं." आप्पांच्या घड्याळाबद्दल म्हणाले मला नको, पण कोणाला घालायला हवं असेल तर सोळापर्यंत जाईल.

म्हणजे सोळा आणि बेचाळीस. अडीच पटीहून जास्त. दादा गप्प झाला तो थेट चर्नी रोड येईपर्यंत.

इथे लोकांचा नेहमी गोंधळ होतो. कंडिशन म्हणजे चमक नाही. जुन्या घड्याळाच्या बाजारात कंडिशन म्हणजे कारखान्यातून निघालं त्यातलं किती अजून शिल्लक आहे. ओरखडा हा वापराचा पुरावा, तो चालतो. डाग थोडा असेल तर चालतो. पण बदललेलं, रंगवलेलं, घासलेलं हे वजा होत जातं, आणि डायलचं वजा सगळ्यात मोठं, कारण घड्याळाकडे बघताना माणूस डायलच बघतो, मशीन कोणी बघत नाही. मशीन बंद असेल तर चांगला कारागीर चार पैसे घेऊन चालू करतो. डायल एकदा उतरवली की संपलं, ती परत कोणी उगवून देऊ शकत नाही.

आणि मुंबईला तर हा वेगळाच डाग लागलेला आहे. परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा शब्दच आहे, रंगवलेली डायल, तीन घड्याळांचे पार्ट एकत्र करून जुळवलेलं एक घड्याळ, भडक लाल-निळे-पिवळे रंग. सेको फाईव्ह, रोमर, फावर ल्यूबा, एचएमटी, सगळ्यांच्या असल्या आवृत्त्या इथून जगभर जातात. त्यामुळे भारतातून आलेलं ओरिजिनल घड्याळसुद्धा तिकडचा माणूस आधी संशयाने बघतो. मला यात कारागिरांना शिव्या घालणं पटत नाही. स्विस डायल आणि पार्ट इथे मिळतच नव्हते तेव्हा या लोकांनी हाताने रंगवून, घासून, दुसऱ्याचा पार्ट बसवून लाखो घड्याळं चालती ठेवली. घड्याळ ही तेव्हा वापरायची वस्तू होती, रंग उडाला की रंग द्यायचा, खिडकीला देतो तसा. संग्रह वगैरे कल्पना नंतर आली आणि तिने नियम उलटे केले. राग यायचाच तर आज जुळवाजुळव करून "ऑल ओरिजिनल" म्हणून विकणाऱ्यांचा यावा.

मागणी नसेल तर कंडिशन कोणी विचारत नाही

आता कोणी म्हणेल, मग सोपं आहे, ओरिजिनल ठेवलं की भाव. नाही. त्याच डब्यात याचा पुरावा होता.

मावशीचं स्वतःचं घड्याळ, लग्नातलं, स्विस, सोन्याचं पाणी दिलेलं, डायल पावलीपेक्षाही लहान. फक्त लग्नकार्याला घातलेलं. डायल ओरिजिनल, काच ओरिजिनल, मखमलीची डबीसुद्धा आहे. कंडिशनचे मार्क द्यायचे तर डब्यात पहिला नंबर. फोर्टच्या दुकानदारांनी ते परत डबीत ठेवलं आणि म्हणाले, काकूंना म्हणावं नातीला द्या. फारच आग्रह केला तेव्हा पंधराशे म्हणाले. कारण साधं आहे, इतकं छोटं लेडीज घड्याळ आज कोणी घालत नाही, बायकाच आता पूर्वीच्या पुरुषी साइझचं घालतात, आणि इतक्या बारीक मशीनला हात लावणारा कारागीरही मिळत नाही. मागणी शून्य. शून्याला कशानेही गुणा.

आप्पांचं आणखी एक होतं, फावर ल्यूबा सी चीफ, सेकंड हँड घेतलेलं. डायल ओरिजिनल, पण केस क्रोमची. घामाने क्रोम उडून कडेला पितळ दिसायला लागलेलं, आणि असं पुटकुळ्या येऊन उडालेलं क्रोम पूर्वीसारखं होत नाही. पाच हजार. कंपनी १७३७ ची, मुंबईत पिढ्यानपिढ्या विकलेली, आपल्याकडच्या निम्म्या सासऱ्यांनी जावयांना हेच दिलेलं. नाव मोठं, पण तेच तर गणित आहे, घराघरात असल्यामुळे पुरवठा भरपूर आणि घेणारे मुख्यतः आपलेच, आठवणीपोटी घेणारे. एचएमटीचं वेगळं झालं. केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि ज्यांनी वीस वर्षं एचएमटीच्या जनता आणि पायलट या मॉडेलांकडे ढुंकून बघितलं नव्हतं ते सगळे दुकानं शोधायला लागले. त्या घड्याळांत एका रात्रीत काही सुधारलं नव्हतं. फक्त आता नवीन येणार नाही हे लोकांना कळलं.

ओमेगाला मागणी का, तर नाव चांद्रमोहिमेपासून सगळ्या जगाला माहीत, शिवाय १९९५ पासून सिनेमातल्या जेम्स बाँडच्या मनगटावर सीमास्टरच. पार्ट मिळतात, मशीन सोपी आणि दणकट, कारागिरांना आवडते. आणि साइझ. मधे मोठ्या तबकड्यांची लाट होती तेव्हा पस्तीस मिलिमीटरचं घड्याळ म्हणजे पोरासोरांचं वाटायचं, आता परत छोटं हवं असतं. घड्याळ डब्यातच होतं, काहीही न करता त्याची मागणी गेली आणि परत आली.

मुळात क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारी घड्याळं, आल्यावर हे सगळंच संपलं असं लोकांना वाटलं होतं. सेकोने १९६९ च्या नाताळात टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला ठेवलं, आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले कारखाने धडाधड बंद पडले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात टायटन आलं आणि चावीचं घड्याळ म्हणजे म्हाताऱ्यांचं झालं. मोठ्या काकांचं घड्याळ डब्यात पडून राहिलं ते याच कारणाने, कोणाला नको होतं म्हणून, आणि कोणाला नको होतं म्हणूनच ते कोणी घासलं नाही, रंगवलं नाही. त्या काळातल्या बेफिकिरीचे आज बेचाळीस हजार येतायत.

मागणी किती विक्षिप्त असते याचं मोठं उदाहरण म्हणजे रोलेक्स डेटोनाचं. साठच्या दशकात त्याची एक वेगळ्याच अक्षरांची, ठसठशीत डायल निघाली होती, दुकानात पडून राहायची, लोक साधी मागायचे. अभिनेता पॉल न्यूमन ती घालायचा म्हणून नंतर संग्राहकांनी त्या डायललाच त्याचं नाव दिलं. त्याचं स्वतःचं घड्याळ २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणे दोन कोटी डॉलरच्या वर गेलं, त्यावेळच्या हिशोबाने शंभर कोटी रुपयांहून जास्त. आणि पाठीवर काय, तर बायकोने कोरून दिलेलं, गाडी जपून चालव. एरवी पाठीवर नाव कोरलेलं असलं की भाव पडतो, "सौ. आणि श्री. यांजकडून सप्रेम" वालं घड्याळ घेऊन कोणी गेलं तर दुकानदार तोंड वाकडं करतो. इथे त्या कोरलेल्या ओळीने ते त्याचंच असल्याला पुष्टी दिली.

डागांचंही असंच. काळी डायल वर्षानुवर्षं उन्हाने चॉकलेटी झाली तर तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि काही रोलेक्स-ओमेगांवर तिचे जास्त पैसे मोजतात. आहे काय ती? खराब झालेली डायल. पण सारखी, सगळीकडे एकसमान खराब झालेली, आणि ज्या मॉडेलला आधीच रांग आहे त्याच्यावर. काकांच्या डायलचा तो साईसारखा रंग संग्राहकांना आवडला, चारचा डाग नाही आवडला, त्याचे त्यांनी पैसे कापलेच. डाग नसता तर पन्नासच्या पुढे गेलो असतो म्हणाले. म्हणजे एकाच डायलवरची एक खराबी शोभा आणि दुसरी खोट. याला काही शास्त्र नाही, दहा जणांना तसं वाटतं म्हणून तसं आहे.

दुसरी बाजूही सांगायला पाहिजे नाहीतर आप्पांच्या घड्याळावर अन्याय होईल. फोर्टच्या दुकानदारांनीच सांगितलं, काउंटरवर चकचकीत माल आधी जातो. लग्नात मुलाला द्यायला, पहिल्या पगाराचं स्वतःला घ्यायला जो येतो त्याला डाग नको असतो, त्याला ओमेगा लिहिलेलं, चालणारं, उजळ घड्याळ वीस-बावीस हजारांत हवं असतं आणि रीडायल सांगून दिली तरी तो घेतो. मळक्या ओरिजिनलला भाव जास्त पण योग्य माणूस येईपर्यंत ते सहा महिने पडून राहू शकतं. उद्या सकाळी पैसे हवे असतील तर हा फरक बराच कमी होतो. दादाने बघितलेली लाखाची जाहिरात ही मागितलेली किंमत होती, मिळालेली नव्हे, आणि ती परदेशातली, सर्विसिंग केलेली, वॉरंटीसकट. कोणी काहीही मागू शकतो.

हिशोब

घरी येऊन मावशीसमोर कागद मांडला. आप्पांचं सोळा, काकांचं बेचाळीस, एकूण अठ्ठावन्न, म्हणजे प्रत्येकी एकोणतीस. आता फरक द्यायचा तर ताईने दादाला तेरा हजार द्यायला हवेत, दादाने ताईला पाच नव्हे. ताई हसायला लागली. दादाला आधी ते पटेचना, म्हणे मी डायल-पॉलिशला खर्च केला तो? मी म्हटलं, दादा, तो खर्च बाजाराच्या लेखी घड्याळावर झालाच नाही, तो आप्पांच्या पंचाहत्तरीवर झाला, आणि तिथे तो पुरेपूर वसूल झालाय. हे त्याला पटलं असं वाटतं, निदान चहा घेताना चेहरा बरा झाला होता.

मग त्याने विचारलंच, ओरिजिनल डायल मिळाली तर लावता येईल का? येते. त्याच मॉडेलची जुनी डायल बाहेरून मागवायची तर नऊ-दहा हजार, वर चावी, काच, मजुरी. सोळात बारा-तेरा घालून घड्याळ होणार फार तर पंचवीसचं, कारण झिजलेली टोकं आणि पुसलेला समुद्रघोडा तसाच राहतो. तोट्याचा सौदा. शिवाय दुसऱ्याची डायल बसवली की ते आप्पांचं किती राहिलं हाही प्रश्नच. दादाने बेत सोडला आणि आता तो ते रोज ऑफिसला घालतो, जे मला विचाराल तर रीडायल घड्याळाचा सगळ्यात चांगला उपयोग आहे, कारण ओरखड्याची भीती नाही.

तेरा हजारांचं मावशीने मधेच मिटवलं. भाड्याच्या जागेचं डिपॉझिट भरताना ताईचे तेवढेच पैसे गेले होते, ते कुठे धरलेच नव्हते, ते याच्यात वळते केले.

ताईने घड्याळ विकलं नाही. संग्राहकांचे दोन फोन येऊन गेले. फक्त तेल आणि साफसफाईला फोर्टला दिलं, आणि देताना मी पावतीवर लिहून घेतलं: डायलला हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही, काच हाताने घासून जेवढी साफ होईल तेवढीच, बदलायची नाही, चावीचा दांडा बदलावा लागला तर जुना परत द्यायचा. दुकानदार वाचून म्हणाले, एवढं कशाला लिहिता, आम्हाला कळतं. तरी सही घेतली.